'सुंदर' अर्थाचं वेल्श मुलाचं नाव निवडताना

इंटरनेटवर 'सुंदर अर्थाची वेल्श नावं' शोधली की याद्यांचा पाऊस पडतो. त्यातली निम्मीशिम्मी नावं एक तर वेल्श नसतात, नाही तर त्यांचा अर्थ सुंदर नसतो. केनेथमध्ये 'देखणा' हा अर्थ आहे, पण नाव स्कॉटलंडच्या गेलिकमधलं. केविन आयर्लंडचं. म्हणून आयत्या यादीच्या मागे न लागता आधी वेल्श शब्द हेरायचे आणि त्यांच्यावरून नावाकडे यायचं.

रोजच्या वेल्शमध्ये देखण्या पुरुषाला 'गोलिगिस' म्हणतात, सुंदर वस्तूला 'हार्द' किंवा 'प्रिडव्हेर्थ'. मुलांच्या नावांत हे शब्द जवळपास सापडतच नाहीत. नावं घडली ती जुन्या साठ्यातून: टेग, ग्विन, काइन आणि येसिन.

टेग म्हणजे सुंदर, आणि न्याय्यसुद्धा. 'ख्वाराय टेग' म्हणजे खेळातला सचोटीचा व्यवहार, आणि 'टिलविथ टेग' म्हणजे पऱ्या, शब्दशः 'देखणं कुळ'. या शब्दावरून मुलाचं सर्वांत भरवशाचं नाव बनतं ते टेक्विन: टेग अधिक ग्विन. दोन ग एकमेकांवर आदळले की त्यांचा क होतो, आपल्या संधीसारखंच. स्पेलिंग टी-ई-सी-डब्ल्यू-वाय-एन. मधे सी ऐवजी जी घातलेलं टेग्विनही चालतं, पण जुनं रूप सीचं. या नावाचा एक संत होऊन गेला, आणि वेल्सच्या ग्विनेथ भागात हार्लेक गावाच्या उत्तरेला त्याच्या नावाचं गाव आहे, लानडेक्विन. नकाशात 'टेक्विन' शोधाल तर हाती काही लागणार नाही, कारण 'लान' (चर्च) या स्त्रीलिंगी शब्दापुढे टचा ड होतो. वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर असं बदलत राहतं. घाबरू नका, आजच्या भाषेत माणसांची नावं सहसा बदलत नाहीत; हे बदल गावांच्या नावांत गोठून राहिले आहेत.

टेगिड मात्र सापळा आहे. बाला गावाजवळचं वेल्समधलं सर्वांत मोठं नैसर्गिक तळं लिन टेगिड, त्यामुळे नाव ओळखीचं, आणि सुरुवातीला 'टेग' दिसतं म्हणून याद्यांत 'सुंदर' असा अर्थ चिकटवलेला असतो. अभ्यासक ते लॅटिन टॅसिटसवरून आल्याचं सांगतात, म्हणजे 'मौनी'. नाव छानच आहे. ठेवायचं तर खरा अर्थ माहीत असू द्या.

ग्विन म्हणजे पांढरा, गोरा, आणि धन्य. आपला 'गोरागोमटा' याच्या बराच जवळ जातो. आपल्याकडे गोरेपणाचं खूळ काय कमी आहे, असं वाटून काही आईबाप या नावापाशी अडखळतात. त्यांनी तिसरा अर्थ धरावा. वेल्श बायबलमधल्या 'धन्य ते' या वचनांची सुरुवात 'ग्विन एइ बिड' अशीच होते.

नुसतं ग्विन हे चांगलं, छोटं, पक्कं मुलाचं नाव आहे. (पुराणकथांतला ग्विन आप नीद हा पाताळलोकाचा राजा, एवढं ध्यानात ठेवा.) हा शब्द जोडनावात दुसरा आला की ग गळतो आणि 'विन' उरतो. एइर्विन म्हणजे सोनं अधिक ग्विन. आइल्विन म्हणजे सुंदर भुवयांचा. बेर्विन म्हणजे ज्याचा माथा शुभ्र तो, आणि याच नावाची डोंगररांगही आहे. कार्विनमध्ये प्रेम आणि ग्विन एकत्र येतात. २००९ ते २०१८ या काळात वेल्सचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारचे प्रमुख, असलेल्या कार्विन जोन्स यांच्यामुळे हे नाव वेल्सबाहेरही कानावर पडलेलं आहे.

इथेच दोन चुका हमखास होतात. पहिली लिंगाची. शेवटी 'विन' असेल तर मुलगा, 'वेन' असेल तर मुलगी: टेक्विन-टेगवेन, एइर्विन-एइर्वेन. इंग्रजी मुलखात ब्रॉन्विन हे मुलीचं नाव म्हणून चालतं, वेल्समध्ये मात्र मुलीचं रूप ब्रॉन्वेन. दुसरी चूक, शेपटी सारखी दिसली की नाव वेल्श समजणं. एडविन, गॉडविन यांतला 'विन' जुन्या इंग्रजीतला, अर्थ 'मित्र'. ऑल्विनसारख्या नावात दोन्ही भाषा एकमेकींत मिसळतात. ठामपणे वेल्श हवं असेल तर ते सोडलेलं बरं.

काइन म्हणजे नाजूक, सुबक. ललित कलांना वेल्शमध्ये हेच विशेषण लागतं. मुलींसाठी केइनवेन आहे. मुलाला नुसतं काइन ठेवू नका: आबेलला मारणारा बायबलमधला भाऊ वेल्शमध्ये याच स्पेलिंगने लिहितात.

येसिन म्हणजे तेजस्वी, सुंदर. तो आजही जिवंत आहे तो एकाच नावात, तालिएसिन: तेजस्वी कपाळाचा. सहाव्या शतकातला हा कवी. अमेरिकी वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांची आई वेल्श घराण्यातली. विस्कॉन्सिनमधल्या आपल्या घराला त्यांनी हेच नाव दिलं. आमच्या मते या सगळ्यांत अर्थ, इतिहास आणि नाद तिन्हींत सरस नाव हेच. इंग्रज 'टॅलिएसिन' म्हणतात; वेल्श उच्चार ताल्‌-येस्‌-इन, जोर मधल्या 'येस'वर. लाडाने 'ताली' होतं, आणि मराठी घरात त्याची 'टाळी' होणार हे गृहीत धरा.

उच्चाराचे नियम थोडेच आहेत. जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अवयवावर (सिलेबलवर). सी नेहमी क, जी नेहमी ग. डब्ल्यू कधी व, कधी उ. एकेरी एफ म्हणजे व्ह, दुहेरी एफ म्हणजे फ. म्हणून ग्विनव्होर लिहिताना एफ लागतो. १९६६ साली प्लाइड कमरी या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे पहिले खासदार झालेले ग्विनव्होर एव्हान्स यांचं नाव 'ग्विनफोर' वाचलं जाणं नेहमीचंच. शेवटच्या अवयवात वाय म्हणजे इ. वेल्श वर्णमालेत के, क्यू, व्ही, एक्स, झेड नाहीत. यादीतल्या नावात यांतलं अक्षर दिसलं, तर ते निदान इंग्रजी वळणाचं स्पेलिंग तरी असतं.

अर्थ पडताळायला गेइरियादिर प्रिव्हिस्गोल कमरी हा वेल्श विद्यापीठाचा ऐतिहासिक शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. त्यात नाव नव्हे, नावाचे तुकडे शोधा. 'विन' मिळाला नाही तर गळलेला ग परत लावून 'ग्विन' पाहा. नाव आज मुलांचं म्हणून चालतं का, हे ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वार्षिक यादीत दिसतं. तीनपेक्षा कमी बाळांना दिलेली नावं त्यात छापत नाहीत, त्यामुळे दुर्मीळ नाव तिथे नसलं म्हणजे ते चूक असं नाही.

वेल्समध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना जन्मनोंदणी ४२ दिवसांत करावी लागते, आणि ती इंग्रजी-वेल्श दोन्ही भाषांत करता येते. वडिलांचं नाव मधे ठेवायचं असेल तर ते वेल्श कानाला खटकत नाही: तिथली जुनी रीत 'आप' म्हणजे 'अमक्याचा मुलगा' अशीच होती, स्वरापुढे 'आब'. विन हे मधलं नाव म्हणूनही फार चालतं. मात्र तिथे वडिलांचं नावही घालायचं असेल तर दोन्हींचा क्रम आणि स्पेलिंग जन्मदाखल्यावर ठरेल तेच भारतीय कागदपत्रांवर उतरवा. नोंदणीनंतर पहिलं नाव बदलायचं झालं तर १२ महिन्यांच्या आत सोपी सोय आहे. त्यानंतर काम किचकट होतं.