इंदुरात पाऊस लागायच्या आधी स्ट्रिंग ऑफ पर्ल्सचा बंदोबस्त

आत्ता जूनचा पहिला आठवडा चाललाय आणि आपल्याकडे पाऊस साधारण महिन्याच्या मध्यापासून पुढे कधीही लागतो, म्हणजे ज्यांच्या गॅलरीत ही मोत्यांची वेल लटकलीय त्यांच्या हातात फार तर दहा-पंधरा दिवस आहेत, आणि जे काय करायचंय ते त्यातच उरकायचंय. कारण इंदुरात हे झाड मे महिन्यात फारसं मरत नाही. मेमध्ये दाणे (म्हणजे मोत्यासारखी गोल पानं) जरा चपटतात, वाढ थांबते, टोकं सुकतात, पण सावलीत असलं की टिकतं, मालव्यात रात्री थोडा गारवा येतो त्याचा त्याला फायदा होतो. मरतं ते जुलै-ऑगस्टमध्ये, आठ-आठ दिवस ऊन नाही, हवा दमट, माती ओली ती ओलीच, आणि एक दिवस बघावं तर वरून सगळं हिरवं पण वेल हातात धरली की मुळापासून सुटून येते.

मूळचं हे दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातलं. तिथे ते लटकत वगैरे नाही, जमिनीवर झुडपांच्या आणि दगडांच्या आडोशाला पसरतं आणि जिथे पेर मातीला लागेल तिथे मूळ धरतं. पूर्वी सेनेसिओ रोलेयानस म्हणायचे, आता क्युरिओ रोलेयानस, आणि खानदान शेवंती-झेंडूचंच आहे, पांढरी बारीक फुलं आली की जवळून बघा, पटेल, वर दालचिनीसारखा वासही येतो. यातली कामाची गोष्ट एवढीच की मुळं एकदम बारीक आणि वरवरची असतात, दोन-तीन इंचाच्या खाली ती जातच नाहीत. त्यामुळे आठ इंची खोल गमल्यात लावलं की खालची पाच इंच माती नुसतं पाणी धरून बसते, ते पाणी प्यायला तिथे कोणी नसतं, आणि वरच्या मुळांचा श्वास कोंडतो.

तर पहिलं काम मातीचं. आपली काळी माती सोयाबीनला कितीही छान असली तरी इथे चिमूटभरही नको, ती पाण्याने फुगते, सुकली की भेगा पडतात आणि दोन्ही वेळेला या केसाएवढ्या मुळांचं नुकसान. नर्सरीतून आणलेलं रोप बहुतेक नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) असतं, ते नर्सरीवाल्याच्या सोयीचं, वजन कमी आणि पाणी रोज द्यावं लागत नाही, पण घरी ते एकदा पूर्ण सुकलं की आक्रसतं, मग पाणी कडेकडेने वाहून जातं आणि आपल्याला वाटतं भरपूर दिलं, आणि पावसाळ्यात उलट, हप्ताभर ओलं. मिश्रण असं करा: दोन भाग जाड बालू रेती किंवा विटेचे मुगाएवढे तुकडे, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं पानांचं खत. रेती धुवून घ्या, धूळ निघून गेली पाहिजे, नाहीतर तीच सिमेंटसारखी बसते. वीट फोडून चाळली की खाली राहिलेला बारीक भुगा टाकून द्यायचा, वरचे तुकडे घ्यायचे. पर्लाइट (फुगवलेल्या खनिजाचे पांढरे हलके दाणे) मिळत असेल तर रेतीऐवजी अर्धं ते घाला, हँगिंग हलकं होतं, पण त्यासाठी ऑनलाइन महागाचं मागवायची गरज नाही. भरून झालं की एक मग पाणी ओता, आठ-दहा सेकंदांत खालून धार लागली पाहिजे. वर तळं साचून राहिलं तर अजून रेती.

गमला चार-पाच इंच रुंद आणि तेवढाच किंवा त्याहून उथळ, मातीचा असला तर उत्तम, खाली भोक एक नाही तीन-चार. आता भोकावर खडे-खापऱ्यांचा थर द्यायची जी पद्धत आहे ती सोडून द्या, त्याने पाणी लवकर जात नाही, ओली माती उलट वर सरकते, भोकावर जाळीचा तुकडा ठेवला तरी पुरे. आणि ज्यांचं झाड आधीच चांगल्या रेताड मातीत मजेत आहे त्यांनी उगाच उपटू नका, नुसतं भोक काडीने मोकळं करा. बदलायचंच असेल तर माती पूर्ण सुकू द्या, गोळा हळूच काढा, काळी लिबलिबित मुळं असतील ती कापा, लावा आणि चार-पाच दिवस पाणी अजिबात नाही. लावताना गोळा काठाच्या बराच खाली नको, काठाच्या बरोबरीने हवा, खड्ड्यात बसलेल्या वेलीभोवती हवा खेळत नाही.

दुसरं काम जागेचं, आणि इथे लोक जास्त चुकतात. लोकमान्य नगरातल्या आमच्या ओळखीच्या एका काकूंकडे खाली दोन-दोन फूट लांब हिरव्या माळा आणि वर गमल्याच्या तोंडाशी पूर्ण टक्कल, काकू म्हणत होत्या पाणी कमी पडतंय का रे. पाण्याचा काही संबंध नव्हता, गमला छताच्या हुकाला इतका वर टांगलेला की खिडकीचा उजेड फक्त माळांना लागायचा, मातीच्या तोंडाशी अंधार. या झाडाला उजेड वरून, डोक्यावर हवा. प्रत्येक दाण्यावर नीट पाहिलं तर एक गडद, अर्धपारदर्शक फट दिसते, त्यातून उजेड दाण्याच्या आत जातो, गोल आकारामुळे बाहेरची त्वचा कमी आणि पाणी कमी उडतं, मग उजेडाची सोय या फटीने केलेली असते. त्यामुळे हूक खाली घ्या, गमल्याचं तोंड खिडकीच्या वरच्या कडेपेक्षा खाली आलं पाहिजे. टक्कल पडलंच असेल तर दोन लांब माळा उचलून त्याच मातीवर गुंडाळून ठेवा, हेअरपिनने टाचा, पेरातून मुळं फुटतात.

पूर्वेची गॅलरी असेल तर सकाळचं दोन-तीन तास ऊन झकास. पश्चिमेचं जूनचं ऊन नको, पाऊस लागायच्या आधी ते सगळ्यात बोचतं, दाणे तांबूस-जांभळे पडले तर समजा ऊन जास्त होतंय. पाऊस लागला की मात्र छपराखाली, आणि छपराखाली म्हणजे खरंच छपराखाली, हिरवी नेट पाऊस अडवत नाही, नुसता उजेड कमी करते, म्हणजे दोन्हीकडून तोटा. तिरका पाऊस येतो त्या बाजूपासून हातभर आत. ढगाळ दिवस लांबले तर साधा 9-12 वॉटचा पांढरा एलईडी बल्ब गमल्यापासून फूटभर वर दहा-बारा तास लावा, मोठ्या ग्रो लाइटची काही गरज नाही.

आणि कूलर! जूनमध्ये घरोघरी कूलर चालू असतो आणि कूलरची ओली हवा थेट ज्या खिडकीतून जाते तिथेच बरेच लोक हँगिंग लावतात, थंडावा मिळेल म्हणून. नका लावू. झाडाला थंडावा हवाय खरा, पण ओली हवा नको, पंख्याची कोरडी हवा चालते, उलट पावसाळ्यात दिवसातून काही तास साधा पंखा जवळून फिरत असला तर बुरशी बरीच कमी होते.

आता पाणी. नर्सरीवाला सांगतो "हफ्ते में एक बार दे देना", हे वाक्य विसरा. वार बघून नाही, दाणा बघून द्यायचं. दाणा टच्च आणि फट मोकळी दिसत असेल तर पाणी पुरेसं आहे. फट मिटायला लागली, दाणा जरासा चपटा झाला, हलका सुरकुतला, आणि गमला उचलून बघितला तर हलका लागतोय, तेव्हा पाणी द्या, सकाळी, आणि दिलं तर खालून निथळेपर्यंत द्या, चमचा-चमचा शिंपडू नका. जुलै-ऑगस्टमध्ये हे पंधरा-वीस दिवसांनी सुद्धा येऊ शकतं, आणि त्यातही दिवस उघडीप असलेला निवडा. फवारणी करून दाणे ओले ठेवायचे हा प्रकार बंद. बशीत पाणी साचलं तर लगेच ओता. पाणी नर्मदेच्या नळाचं चालेल, बोरिंगचं जड असतं, मातीवर पांढरी पपडी येते, ती दिसली की वरचा अर्धा इंच बदलून टाका.

घोटाळा इथे होतो की तहानलेलं आणि सडलेलं, दोन्ही झाडं मलूल दिसतात, आणि सडलेल्याला लोक अजून पाणी घालतात. बोटांत धरून बघा. तहानलेला दाणा चामट, सुरकुतलेला, पण रंग हिरवा. सडलेला दाणा पिवळट, पाणचट, दाबला की फुटतो आणि देठ मातीजवळ तपकिरी-काळा. असं एका माळेला दिसलं तर त्याच दिवशी गमला रिकामा करा, उद्यावर टाकू नका. काळं जिथे संपतं तिथून टोकाकडे दोन इंच सोडून स्वच्छ कात्रीने कापा, चांगल्या माळा एक दिवस सावलीत पेपरवर सुकू द्या, मग नव्या, जेमतेम दमट मिश्रणावर गुंडाळून ठेवा. बाकीच्या झाडांना लागण होऊ नये म्हणून कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेब मिश्रणाचं बुरशीनाशक लिटरला 2 ग्रॅम, हातमोजे घालून, मुलं-माणसं जवळ नसताना. पण औषधाने सडलेलं परत जिवंत होत नाही, पाण्याची शिस्त नसेल तर ते पैसे वाया.

म्हणून माझं आग्रहाने सांगणं आहे की पाऊस लागायच्या आधी कटिंग काढून ठेवा, झाड कितीही छान असू दे. चार-चार इंचाच्या दहा-बारा माळा, खालचे तीन-चार दाणे काढलेले, एका उथळ डब्यात (भोकं पाडलेल्या) मातीवर आडव्या, पेरं मातीला टेकलेली. दोन ते चार आठवड्यांत मुळं धरतात. हा डबा घरात सगळ्यात कोरड्या, उजेडाच्या जागी. मोठं झाड गेलं तरी ऑक्टोबरमध्ये परत उभं करता येतं. खरा कटिंगचा सीझन तसा ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च, जूनची ही फक्त सोय आहे.

मिलीबग (पिठ्या ढेकूण) दमट हवेत येतोच, पेरात कापसासारखा पांढरा ठिपका. दोन-चार असतील तर कान साफ करायची काडी स्पिरिटमध्ये बुडवून टिपून घ्या. जास्त असेल तर निंबोळी तेल 5 मिली, थोडं लिक्विड सोप, एक लिटर पाण्यात, संध्याकाळी, आधी एका माळेवर मारून दोन दिवस थांबा कारण तेलाने दाण्यावरचा मेणाचा थर जातो. खत आत्ता काहीच नको, सप्टेंबरअखेर ऊन परतलं की 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला 1 ग्रॅम, महिन्यातून एकदा.

जे विक्रीसाठी करतात, छतावर किंवा शेडमध्ये, त्यांनी नेटच्या वर प्लास्टिक शीट आत्ताच ताणून घ्या, कुंड्या जमिनीवर न ठेवता जाळीच्या स्टँडवर, आणि कुंड्यांत बोटभर अंतर. दाटीवाटीने ठेवलेल्या ट्रेमध्ये एक सडली की ओळच्या ओळ जाते. दिवाळीच्या गिफ्टसाठी मागणी असते, पण गमला भरलेला दिसायला तीन-चार महिने आरामात लागतात, तेव्हा जूनची कटिंग दिवाळीला जेमतेम पोचेल, फेब्रुवारीची असेल तर बिनधास्त.

ज्यांच्याकडे ऊन अजिबात येत नाही, किंवा हे तिसऱ्यांदा गेलंय, त्यांनी स्ट्रिंग ऑफ बनानाज घ्यावं, त्याच घराण्यातलं पण बरंच काटक. नाहीतर स्ट्रिंग ऑफ हार्ट्स, ते आपल्या सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पाच्या कुळातलं, मुळाशी आणि वेलीवर गाठी असतात, त्यात पाणी साठतं म्हणून चूक पोटात घालतं. डाँकी टेल मेक्सिकोचं, दिसायला सुरेख, पण हात लागला की पानं गळतात, तेव्हा येण्या-जाण्याच्या वाटेत नको.

घरात मांजर असेल किंवा रांगतं मूल, तर माळा त्यांच्या हाताला लागणार नाहीत इतपत आखूड ठेवा, हे झाड विषारी आहे, पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होतात, कापताना चीक लागला तर काहींना खाज सुटते. मटारचे दाणे समजून मुलं तोंडात घालतातच. कापलेल्या माळा केरात टाकू नका, वर सांगितलं तसं टक्कल पडलेल्या जागी गुंडाळून द्या.