सममूल्य अपूर्णांक: ऑनलाइन तासात खेळ कसा वापरावा

१/८ हा १/४ पेक्षा मोठा, कारण ८ हे ४ पेक्षा मोठे, असे अनेक मुले अगदी ठामपणे सांगतात. ऑनलाइन तासाला मुलांच्या वह्या डोळ्यांसमोर नसल्यामुळे ही चूक कित्येक दिवस शिक्षकाच्या लक्षातच येत नाही. ती उघडी पाडण्यासाठी व्हिडिओ गेमचा फार चांगला उपयोग होतो. मात्र खेळ हे धडा संपल्यावरचे बक्षीस न राहता सममूल्य, म्हणजे सारख्या किमतीच्या, अपूर्णांकांचा नियम सांगण्याआधीच मुलांच्या हाती पडला पाहिजे.

सुरुवातीला कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातील ‘फ्रॅक्शन मॅचर’ हा खेळ घ्यावा. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पातील खेळ विनामूल्य असून ब्राउझरमध्ये चालतात. येथे सारख्या किमतीच्या जोड्या दोन वजनकाट्यांवर ठेवायच्या असतात: एकीकडे ३/४ ही संख्या, तर दुसरीकडे आठांपैकी सहा भाग रंगवलेली आकृती.

घरात एकच मोबाइल असलेली मुले वर्गात असतील, तर प्रत्येकाला दुवा पाठवण्याऐवजी शिक्षकाने आपली स्क्रीन दाखवावी आणि कोणता तुकडा कुठे ठेवायचा हे मुलांनी सांगावे. वेळ मोजणारे घड्याळ बंद ठेवावे, कारण घाईत मुले विचार सोडून अंदाज बांधू लागतात.

तपासण्याचे बटण दाबण्यापूर्वीचा मिनिट सर्वांत मोलाचा असतो. तेव्हा थांबून प्रत्येकाला चॅटमध्ये ‘समान’ किंवा ‘असमान’ आणि सोबत एका ओळीत कारण लिहायला सांगावे. कोणी ‘सहा मोठे आहेत म्हणून असमान’ असे लिहिले, तर लगेच दुरुस्त करू नये. बटण दाबावे, समान उंचीच्या पट्ट्या दिसू द्याव्यात आणि त्याच मुलाला ‘आता काय वाटते?’ असे विचारावे. माझ्या मते शिकवणे खऱ्या अर्थाने इथेच होते, आणि अंश व छेद यांना एकाच संख्येने गुणण्याचा नियम त्यानंतर सांगितला, तर तो मुलांना आपलाच वाटतो.

दहा-बारा मिनिटांनी खेळ थांबवून सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या घ्यायला सांगाव्यात. एकीच्या घड्या घालून चार भाग करावेत, दुसरीचे आठ, मग पहिलीचे तीन व दुसरीचे सहा भाग रंगवावेत आणि त्या पट्ट्यांचा फोटो मागवावा. खेळातील गुणांवरून मूल्यमापन करू नये, कारण चुकतमाकतही पातळी पार होते. ज्या जोडीवर सर्वाधिक मुले अडली, तिची नोंद ठेवून पुढचा तास तिच्यापासूनच सुरू करावा.