चान्स घेताय आणि सिनसेकडे जायचंय? सिंगापूरवाल्या मुलींसाठी

सिंगापूरमध्ये राहून बरेच दिवस चान्स घेताय आणि काही होत नाहीये म्हटलं की ऑफिसमधली एखादी चायनीज मैत्रीण सांगतेच, एकदा सिनसेकडे जाऊन ये म्हणून. सिनसे म्हणजे इथला टीसीएमवाला (पारंपरिक चिनी औषधांचा) वैद्य, काढे-पुड्या देतो आणि अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया लावतो. मग आपल्या मुली एकमेकींना विचारत बसतात की सुया दुखतात का, काय प्यायला देतात, खरंच दिवस राहतात का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी गायनॅक, हे पक्कं. वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर आणि ३५ च्या पुढे असेल तर ६ महिने प्रयत्न करून झाले की तपासण्या करून घ्यायच्याच, पाळी फारच अनियमित असेल तर तेवढंही थांबू नका. नवऱ्याची सीमेन टेस्टसुद्धा सुरुवातीलाच, तो कितीही "बघू नंतर" म्हणाला तरी. शुक्राणूच कमी असतील तर बायकोने काढे पिऊन काय होणार, आणि बंद ट्यूब काही सुईने उघडत नाही.

सिनसे रजिस्टर्डच हवा. इथे २००० सालापासून टीसीएमचा कायदा आहे आणि टीसीएम बोर्डाच्या साइटवर नाव टाकलं की रजिस्ट्रेशन आहे की नाही ते दिसतं. पैशाची अडचण असेल तर थाँग चाय म्हणून १८६७ पासूनची धर्मादाय संस्था आहे, जातधर्म न बघता फुकट तपासतात.

जायच्या दिवशी जीभ घासू नका आणि कॉफी किंवा हळदीचं दूध पिऊन जाऊ नका, कारण जिभेचा रंग आणि थर बघतात. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी, आणि मग प्रश्न, जे आपल्या गायनॅकने कधी विचारले नसतील: रक्त लालभडक की काळपट, गाठी पडतात का, पोटात दुखताना गरम पिशवीने बरं वाटतं का, पाय गार पडतात का, झोप कशी, पोट साफ होतं का. हे आधीच मोबाइलमध्ये लिहून न्या, तिथे आठवत नाही. शेवटी "किडनी वीक आहे" असं ऐकलंत तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करायला धावू नका, त्यांच्या शास्त्रात पाळी आणि गर्भधारणा किडनीच्या खात्यात येते, एवढंच.

बरेच सिनसे टेम्परेचरचा चार्ट ठेवायला सांगतात. दोन दशांशवाला थर्मामीटर घ्या, सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, रोज साधारण त्याच वेळी, जिभेखाली. ओव्हुलेशन (बीज बाहेर पडणं) झालं की तापमान साधारण ०.३ ते ०.५ डिग्री सेल्सिअसने चढतं आणि पाळी येईपर्यंत चढलेलंच राहतं. त्याप्रमाणे सिनसे औषध बदलतो, पाळीनंतर रक्त भरून काढणारं (तांग क्वेइ नावाची चिनी मुळी वगैरे), ओव्हुलेशननंतर उष्णता देणारं. हा चार्ट गायनॅकलाही दाखवता येतो, आणि मला विचाराल तर सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे.

औषध बहुतेक वेळा पावडरच्या पुड्यांत मिळतं, गरम पाण्यात ढवळून प्यायचं. काढाच दिला तर मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, लोखंड-अॅल्युमिनियम नको. अर्धा तास भिजवून, वर दोन बोटं पाणी ठेवून उकळी आणायची, मग मंद आचेवर आटवायचं, गाळून तोच चोथा पुन्हा उकळायचा आणि दोन्ही एकत्र करून सकाळ-संध्याकाळ. घरभर वास सुटतो, एक्झॉस्ट लावा. पण पुडीत काय आहे त्याची यादी लेखी मागा आणि गायनॅकला दाखवा, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तांग क्वेइ चालत नाही, आणि आयव्हीएफची (टेस्ट ट्यूब बेबीची) इंजेक्शनं चालू असताना डॉक्टरला न विचारता काहीही प्यायचं नाही. ऑनलाइन, यादी नसलेल्या गोळ्या तर नकोच, १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या चिनी गोळ्यांत भलतीच वनस्पती मिसळली गेली आणि कितीतरी बायकांच्या किडन्या गेल्या.

सुयांचं म्हणाल तर केसासारख्या बारीक असतात, एकदाच वापरून फेकतात, पाकीट समोर फोडतात ना बघा. २०-३० मिनिटं पडून राहायचं. खूप जणींना झोप लागते, पाळीचं दुखणं कमी झाल्याचंही सांगतात. पण दिवस राहण्याबद्दल जास्त आशा लावू नका. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आयव्हीएफ करणाऱ्या ८४८ बायकांवर अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला, खऱ्या सुया लावलेल्यांत १८.३ टक्के बाळं आणि खोट्या (नुसत्या लावल्यासारख्या केलेल्या) सुयांत १७.८, म्हणजे फरक नाहीच. त्याच्या आदल्या वर्षी खुद्द चीनमध्ये पीसीओएसच्या (अंडाशयाचा त्रास, पाळी अनियमित होते) १००० बायकांवर अभ्यास केला तर तिथेही क्लोमिफीन ही ओव्हुलेशनची गोळी कामाला आली, सुयांनी बाळं वाढली नाहीत. त्यामुळे "१०० टक्के गॅरंटी, १० सेशनचं पॅकेज" म्हणणाऱ्याकडून सरळ उठून या. ३ पाळ्यांत काही फरक जाणवला नाही तर थांबवा, आणि गायनॅकने दिलेली तारीख सिनसेसाठी पुढे ढकलू नका, वय वाढतंय.

टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्या दिवशी पुड्या बंद, आधी गायनॅकला फोन, मग सिनसेला. घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वर जो सान्-यिन्-च्याव पॉइंट असतो तो पाळी दुखली की दाबायला सांगतात, पण गरोदरपणात टाळायचा असतो, म्हणून फूट मसाजला जाताना दिवस राहिलेत हे आधीच सांगा.