कोकण किनाऱ्यासाठी नवी भाषा रचताना

छंद म्हणून नवी भाषा रचायला घेतली की बहुतेक जण आधी शब्दांची यादी करतात. पाणी म्हणजे अमुक, मासा म्हणजे तमुक. दोनशे शब्द जमले की वाक्य लिहून बघतात आणि ते मराठीच निघतं, फक्त शब्द बदललेले. क्रम तोच, तीन लिंगं तीच. ‘तांडेलाने सुरमई पकडली’ मध्ये क्रियापद सुरमईप्रमाणे बदलतं, ही कर्मणी प्रयोगाची खोडही नकळत तशीच उतरते. म्हणून शब्द मागे ठेवावेत. आधी बोलणारी माणसं, मग ध्वनी, मग व्याकरण, मग भाषेचा भूतकाळ.

माणसांसाठी दोन-तीन ओळी पुरतात. समजा, देवगडसमोर खोल पाण्यात एक काल्पनिक बेट आहे. लोक मासेमारी करतात आणि बाजाराला किनाऱ्यावर येतात. शेजार ठरवणं महत्त्वाचं, कारण उसने शब्द तिथूनच येणार.

ध्वनी कमी घ्या. इथे नऊ व्यंजनं घेऊ: प, त, क, म, न, स, ल, र, व. स्वर चार: आ, इ, उ, ए. ‘अ’ मुद्दाम गाळला आहे. देवनागरीत ‘कमल’ लिहितो पण शेवटचा ‘ल’ पाय मोडल्यासारखा बोलतो. प्रत्येक अक्षराला मात्रा असली की हा संशय उरत नाही. अक्षराची घडण व्यंजन अधिक स्वर, शेवटी हवं तर न् किंवा ल्. म्हणजे 9 × 4 = 36, आणि तीन प्रकारचे शेवट धरून 108 अक्षरं. दोन अक्षरी शब्दच 11,664 होतात. छंदाला ते आयुष्यभर पुरतील. ठ, ढ, ज्ञ असं सगळं भरलेली भाषा महिन्याभरात करणाऱ्यालाही उच्चारता येत नाही. भाषेचा चेहरा तिच्यात काय नाही त्यावरून ओळखू येतो: ‘ळ’ नाही, ‘चार’ आणि ‘चाक’ मधले दोन च नाहीत, एवढ्यानेच ही मराठी नव्हे हे कानाला कळतं.

ध्वनींचे नियम पक्के आहेत का, हे उसन्या शब्दांवर तपासा. ‘पगार’, ‘चावी’, ‘बटाटा’ हे शब्द मराठीत पोर्तुगीजमधून आले. ते बेटावर गेले तर? ‘ग’ आणि ‘अ’ नाहीत, शेवटी र् चालत नाही, म्हणून पगारचं पाकाल् होईल. च नसल्याने चावीचं सावि, बटाट्याचं पाताता. शेवटच्या र् चं ल् करायचं ठरवलं की सगळीकडे तेच करा. इथे मनाला येईल तसं केलं की पुढे शब्दकोश जुळत नाही.

व्याकरणात मराठीपेक्षा वेगळ्या तीनच गोष्टी घ्या, पण शेवटपर्यंत न्या. आपल्या बेटावर क्रियापद आधी, मग कर्ता, मग कर्म. डावं-उजवं नाही, समुद्राकडे (-मे) आणि जमिनीकडे (-रा) एवढ्याच दिशा. हवाई बेटांच्या भाषेत माकाई आणि माउका हे याच अर्थाचे शब्द आहेत, आणि कोकणात पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्री असल्याने ही पद्धत किनाऱ्यावर कुठेही चालते. तिसरी गोष्ट साक्षीची: स्वतः पाहिलं तर -न्, ऐकलं तर -ल्. मराठीतलं ‘म्हणे’ इथे सक्तीचं झालं.

सुलामेन् लेता: तांडेल समुद्राकडे गेला (मी पाहिलं).
सुलाराल् लेता: तांडेल किनाऱ्याकडे आला म्हणे.

‘सुला’ (जाणे) या क्रियापदाला दिशा लागते, म्हणून ‘येणे’ला वेगळं क्रियापद लागलंच नाही. आता खरे प्रश्न सुरू होतात. आज्ञेला साक्ष कोणती? कुठलीच नाही: सुलारा! म्हणजे ‘किनाऱ्याकडे ये’. भविष्य तर कोणीच पाहिलेलं नसतं, म्हणून तेही साक्षीशिवाय: सुलारा लेता, ‘तांडेल येईल’. मग आज्ञा आणि भविष्य यांतला फरक कर्त्यावरून कळतो. प्रत्यय ठरवला आणि आज्ञा, भविष्य, प्रश्न, नकार यांत त्याचं काय होतं ते पाहिलंच नाही, तर भाषा तिथेच अडते.

यानंतरचा भाग सर्वांत गोडीचा आहे: भाषेला भूतकाळ देणं. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. दुग्ध, दुद्ध, दूध. एकच बदल शब्दामागून शब्दाला लागत गेला. तसंच करा. वर दिलेली रूपं बाजूला ठेवून जुनी रूपं लिहा: पेकुलु (मासा), सिनि (जाळं), माले (वारा), साक्षीचे प्रत्यय -नि आणि -लु, अनेकवचन -ना. मग दोन नियम लावा. पहिला: शब्दाच्या शेवटी ‘ए’चा ‘इ’ होतो. दुसरा: न किंवा ल नंतरचे शेवटचे इ, उ गळतात. पेकुल्, सिन्, माल् मिळाले. पण अनेकवचनात ते स्वर शेवटी नसल्याने टिकतात: पेकुलुना, सिनिना, मालेना. देऊळचं देवळात होतं त्या जातीची ही अनियमितता आहे, आणि ती हाताने घातलेली नाही. सुलामेनिचं आपलं सुलामेन् झालं, तर नुसत्या सुलामेचं आता सुलामि होईल. नियमांचा क्रम लिहून ठेवा: दुसरा आधी लावला तर मालेचं माल् न होता मालि राहतं.

शेजाराचा परिणाम व्याकरणावरही होतो. रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईत पोर्तुगीजमधून घडलेली बोली आहे. तिच्यात क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी जातं. बाजारात वावरणाऱ्या बेटकरांची पोटबोली अशी घडवता येईल.

आता शब्द. पहिले दीडशे पुरेत, पण मराठीच्या एकेका शब्दासमोर एकेक लिहू नका. माड, शहाळं, नारळ, खोबरं, करवंटी, सोडण, झावळी: मराठीला इतकी वेगळी मुळं लागतात. तुमच्या भाषेत एकच मूळ आणि प्रत्यय असतील का? मोजणी कोडीने, म्हणजे विसावर ठेवली तर 47 ‘दोन कोडी सात’ होतील. वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक शब्दाला जुनं रूप, आजचं रूप, अर्थ, उदाहरण वाक्य आणि तारीख असे रकाने ठेवा. नियम बदलला तर जुनी ओळ खोडू नका, नवी लिहा.

परीक्षेला कविता घेऊ नका. सोलकढीची कृती घ्या. आमसुलं भिजव, नारळाचं दूध काढ, लसूण-मिरची ठेचून घाल, रंग उतरेपर्यंत थांब. आज्ञा, क्रम, ‘पर्यंत’, ‘ठेचून’, सगळं लागतं. दुसरी परीक्षा मासळी बाजारातल्या घासाघिशीची: प्रश्न, नकार आणि आकडे त्यात उघडे पडतात.

लिपी सर्वांत शेवटी, ध्वनी सहा महिने न बदलता टिकले की. नऊ व्यंजनं आणि चार स्वर मिळून या भाषेला 13 चिन्हं पुरतील. स्वराला मात्रा न देता स्वतंत्र चिन्ह दिलंत तर फाँट करणं फार सोपं होतं. मात्रा आणि जोडाक्षरांसाठी फाँटमध्ये वेगळे नियम लिहावे लागतात. फाँटफोर्ज हे फाँट बनवायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि युनिकोडमधल्या (संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) खासगी वापराच्या मूळ पट्ट्यात 6,400 जागा मोकळ्या आहेत. चिन्हं तिथे बसवा, देवनागरीच्या जागांवर नको; नाहीतर फाँट नसलेल्या माणसाला तुमचा मजकूर निरर्थक मराठी अक्षरांत दिसेल.