घराच्या भिंती आणि चौकटी यांचे रंग कसे ठरवावेत

घर रंगवायचे ठरले की नाशकातील बहुतेक कुटुंबांत सर्वप्रथम शेडकार्ड, म्हणजे रंगकंपनीचे छटांचे नमुनापत्रक, हातात घेतले जाते, त्यातील एखादी मनात भरलेली छटा निश्चित होते आणि मग ती छटा आपल्या फरशीशी, दारांशी व पडद्यांशी जुळवून घेण्याची धडपड सुरू होते. हा क्रम उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानातील यंत्रावर हव्या त्या हजारो छटा तयार करून मिळतात, परंतु खोलीतील फरशी, ओट्याचा दगड, दारांचे लाकूड आणि खिडकीची दिशा या गोष्टी पुढची अनेक वर्षे बदलणार नसतात. म्हणून जे बदलणार नाही ते आधी नीट पाहावे, त्यानंतर चौकटींचा रंग ठरवावा आणि भिंतीचा रंग सर्वांत शेवटी निवडावा.

पाहणीची सुरुवात फरशीपासून करावी, कारण भिंतींखालोखाल खोलीतील सर्वांत मोठा रंगीत पृष्ठभाग तोच असतो. कोरा पांढरा कागद फरशीवर ठेवला की तिच्यातील झाक लगेच उघड होते. एरवी पांढरी वाटणारी टाइल कागदाशेजारी पिवळसर, गुलाबी किंवा करडी दिसू लागते. अलीकडच्या सदनिकांमध्ये हस्तिदंती झाक असलेल्या व्हिट्रिफाइड टाइल्स सर्रास आढळतात. अशा फरशीच्या खोलीत निळसर झाकेचा शुभ्र पांढरा रंग दिला, तर भिंत थंड वाटते आणि फरशी मळल्यासारखी दिसते. तेथे मोतिया किंवा सायीच्या रंगाकडे झुकणारी छटा शोभते. जुन्या बंगल्यांतील आणि वाड्यांतील शहाबादी फरशीचा करडेपणा मात्र उबदार रंगांना उत्तम साथ देतो, त्यामुळे तेथे बदामी, फिकट विटकरी किंवा हळदीकडे किंचित कललेली पिवळी छटा निःसंकोच वापरावी. काळ्या कडप्प्याचा ओटा कोणत्याही रंगाशी भांडत नाही, परंतु ग्रॅनाइटमध्ये लाल किंवा हिरवे ठिपके असतील, तर त्या ठिपक्यांचा रंग लक्षात ठेवूनच स्वयंपाकघराची भिंत ठरवावी.

यानंतर उजेड पाहावा. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर वसलेले असल्यामुळे वर्षाचा बहुतांश काळ माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि केवळ मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो किंचित उत्तरेला सरकतो. उत्तरेला खिडकी असलेल्या खोलीत त्यामुळे थेट ऊन क्वचितच येते. तेथे आकाशाचा सम आणि थोडा निळसर उजेड असतो, ज्यात शेडकार्डावर देखणा दिसणारा राखाडी रंग निळा व उदास वाटू शकतो. अशा खोलीसाठी पिवळी किंवा गुलाबी झाक असलेली छटा घ्यावी. याउलट पश्चिमेच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर जे तांबूस, प्रखर ऊन शिरते, त्यात अबोली आणि पिवळे रंग अधिकच भडक होतात. तेथे फिकट पिस्ता, राखट हिरवा किंवा निळसर करडा रंग डोळ्यांना निववतो. पूर्वेच्या खोलीत सकाळी आणि संध्याकाळी उजेडाचे स्वरूप पूर्ण वेगळे असते, म्हणून ती खोली आपण मुख्यतः कोणत्या वेळी वापरतो, याचा विचार करून निर्णय घ्यावा.

पंचवटीतील किंवा जुन्या नाशकातील वाड्यांच्या आतल्या खोल्यांना चौकातून येईल तेवढाच उजेड मिळतो, आणि अशा अंधाऱ्या खोलीला पांढरा रंग दिला की ती उजळेल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पांढरी भिंत उजेड परतवते हे खरे, परंतु परतवायला उजेडच नसेल तर ती करडी आणि निस्तेज दिसते. रंगकंपन्यांच्या माहितीत प्रत्येक छटेचे एलआरव्ही मूल्य दिलेले असते; ती छटा पडलेल्या उजेडापैकी साधारण किती टक्के उजेड परतवते, हे त्यावरून कळते. काळ्याकडे शून्य आणि पांढऱ्याकडे १०० असा हा क्रम आहे. कमी उजेडाच्या खोलीसाठी ६० ते ७५ मूल्याची, पिवळसर किंवा बदामी झाक असलेली छटा मला शुभ्र पांढऱ्यापेक्षा अधिक योग्य वाटते. खिडकीसमोर काय आहे, हेही विसरू नये. गंगापूर रोडसारख्या भागात खिडकीजवळ दाट झाड असेल, तर पानांवरून येणारा उजेड भिंतीला हिरवट झाक देतो आणि समोरच्या इमारतीचा गडद रंग तर थेट आपल्या छतापर्यंत येऊन पोहोचतो.

दिव्यांचा प्रश्न लहान आहे, पण तो आधीच सोडवावा. दिव्याच्या उजेडाची छटा केल्व्हिन या एककात मोजतात: २७०० ते ३००० केल्व्हिनचे एलईडी पिवळसर, ४००० केल्व्हिनचे मध्यम आणि ६५०० केल्व्हिनचे निळसर पांढरा उजेड देतात. दिवे बदलायचे असतील, तर ते रंगाच्या निवडीपूर्वी बदलावेत.

आता चौकटींकडे वळू, कारण या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. दारांच्या व खिडक्यांच्या चौकटी, दारांची पाने, लोखंडी ग्रिल, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची फरशीलगतची पट्टी) आणि पीओपीची पट्टी हे सर्व मिळून भिंतीची कडा ठरवतात, आणि कडा चुकली की चांगला रंगही फिका पडतो. परदेशी मासिकांतील छायाचित्रांत पांढऱ्या लाकडी पट्ट्या दिसतात म्हणून आपल्याकडेही चौकटी पांढऱ्या रंगवण्याची पद्धत वाढली आहे. परंतु आपल्या घरांत स्कर्टिंग बहुधा फरशीचेच असते आणि खिडकीभोवती ग्रॅनाइटची चौकट असते, त्यामुळे एकट्या दाराची चौकट पांढरी केली तर ती कोणाशीच नाते सांगत नाही. चौकट स्कर्टिंगच्या किंवा खिडकीच्या दगडाच्या रंगाशी जुळवली, तर खोली सुसंगत दिसते.

चौकट सागवानी असेल, तर तिच्यावर ऑइल पेंट चढवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जुन्या वाड्यांतील कोरीव खांबांवर आणि तुळयांवर चकचकीत रंगाचे थर चढलेले पाहिले की खंत वाटते, कारण नक्षीतील बारकावे त्या थरांखाली बुजून जातात. रंग उतरवून लाकूड पॉलिश केले, की त्याच्या तपकिरी उबेला शोभेल अशी भिंत निवडणे सोपे जाते. सागाशेजारी मोतिया, शेवाळी आणि फिकट राखट निळा हे तिन्ही रंग सुरेख दिसतात, मात्र सागाच्याच छटेची तपकिरी भिंत त्याला गिळून टाकते.

ज्या चौकटी रंगवायच्याच आहेत, तेथे दोन मार्ग आहेत. चौकट देखणी असेल, तर भिंतीपेक्षा स्पष्टपणे गडद किंवा फिकट रंग देऊन ती उठून दिसू द्यावी. खोली लहान असेल किंवा दारे वेड्यावाकड्या ठिकाणी आली असतील, तर चौकटीला भिंतीचाच रंग अधिक तकाकीच्या प्रकारात द्यावा, म्हणजे ती नजरेत भरत नाही. यांच्या मधला, भिंतीपेक्षा जेमतेम वेगळा असा रंग टाळावा, कारण तो जुळवताना चुकल्यासारखा दिसतो. चौकटींना पांढरा रंग हवाच असेल, तर पाण्यात मिसळणारे इनॅमल घ्यावे. तेलयुक्त पांढरे इनॅमल काळाने पिवळे पडते आणि उजेड कमी असलेल्या ठिकाणी ते लवकर पडते. ग्रिलच्या बाबतीत गडद रंगच योग्य, कारण पांढऱ्या सळ्या उजेड पकडून डोळ्यांसमोर येतात, तर गडद करड्या किंवा काळ्या सळ्यांतून बाहेरचे दृश्य मोकळे दिसते.

एवढे झाल्यावरच शेडकार्ड उघडावे. त्यावरील बोटभर तुकडा चार भिंतींवर गेला की अधिक गडद आणि अधिक तीव्र वाटतो, म्हणून आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकट छटाही सोबत तपासावी. तीनपेक्षा अधिक छटा एका वेळी तपासू नयेत. प्रत्येक छटेचा लहान डबा आणून साधारण २ फूट बाय २ फुटांच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात द्यावेत आणि तो पूर्ण वाळू द्यावा, कारण ओल्या रंगावरून अंदाज चुकतो. थेट भिंतीवर पट्टे मारले, तर शेजारचा जुना रंग नव्या छटेला बदलून दाखवतो; पुठ्ठा मात्र खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीलगतच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, फरशीला टेकवून आणि चौकटीशेजारी धरून पाहता येतो. सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर असा तीन वेळा पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. दिवाणखान्यातून ज्या खोल्या एकाच वेळी दिसतात, त्यांचे पुठ्ठे शेजारी ठेवून पाहावेत.

तकाकी हाही निवडीचाच भाग आहे. चमकदार रंग भिंतीचे उंचवटे आणि पुट्टीचे डाग उघडे पाडतो, विशेषतः खिडकीलगतच्या भिंतीवर तिरपा उजेड पडतो तेव्हा. म्हणून छत आणि मोठ्या भिंतींना मॅट, तर स्वयंपाकघर, मुलांची खोली आणि समईच्या काजळीचा त्रास असलेली देवघराची भिंत यांना धुता येणारा, मंद चमकेचा रंग द्यावा.

दिवाळीपूर्वी रंगकाम उरकण्याची घाई पाऊस ओसरताच सुरू होते, तेव्हा नैऋत्य मोसमी पावसाचा मारा सोसलेल्या पश्चिमेच्या व नैऋत्येच्या भिंती अनेकदा आतून ओल्या असतात. अशा भिंतीवर प्लास्टिकचा दीड फुटी तुकडा चारही कडांनी चिकटवून दिवसभर ठेवावा. मागे दव जमले, तर आधी ओलीचे कारण दूर करावे, नाहीतर महागडा रंगही पोपडे होऊन सुटतो. जुना चुना पूर्ण खरवडल्याशिवाय इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग, टिकत नाही. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) अधिक नसावे, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यापूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे अधिक असू शकते, म्हणून ते घासताना पाण्याने ओले करूनच घासावे आणि लहान मुलांना व गर्भवतींना तेथून दूर ठेवावे.

बारा फूट बाय दहा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत दार-खिडकी वजा जाता सुमारे ४०० चौरस फूट भिंत उरते, आणि चांगल्या तयार केलेल्या पृष्ठभागावर दोन हातांसाठी लिटरमागे साधारण १२० ते १४० चौरस फुटांचा हिशेब धरला, तर तीन ते साडेतीन लिटर रंग लागतो. एका खोलीचा सगळा रंग एकाच वेळी तयार करून घ्यावा आणि डबे अनेक असतील, तर ते मोठ्या बादलीत एकत्र मिसळून मगच वापरावेत, म्हणजे भिंतीच्या मध्यावर छटा बदलत नाही. छटेचा क्रमांक, रंगाचा प्रकार आणि तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावी. पुढे खिळ्याचे भोक बुजवताना किंवा ओरखडा झाकताना तीच नोंद दुकानदाराला दाखवता येते.