मुलांच्या इंटरनेटला राउटरवरूनच वेळ लावा

आमच्या घरात वायफायवर कायम पंधरा-वीस यंत्रं असतात. सगळ्यांचे मोबाइल, सासूबाईंचा मालिकांचा टीव्ही, धाकटीचा अभ्यासाचा टॅब, खळ्यावरचा कॅमेरा, शिवाय पर्यटकांसाठी दोन खोल्या चालवतो त्यामुळे पाहुण्यांचे फोन. चतुर्थीला मुंबईहून दिरांची मंडळी आली की पोरांची आणखी भर. प्रत्येक फोनमध्ये वेगळं ॲप घालून कुलूप लावणं अशा घरात जमत नाही. म्हणून मी सगळा बंदोबस्त राउटरवर, म्हणजे घरभर वायफाय देणाऱ्या यंत्रावरच केला. इथे मालवणजवळ देवबागला शेजारणी विचारतात, "तुझ्या झिलाचा नेट रात्री धा वाजता कसा काय बंद होता गो?" त्यांना जे सांगते तेच सविस्तर लिहिते.

हात लावण्याआधी मुलांना सांगा. माझा मुलगा आठवीत आहे. त्याला जवळ बसवून कुठल्या वेळी नेट बंद होणार, काय उघडणार नाही आणि का, हे सगळं दाखवलं. गुपचूप लावलेली बंदी मुलांना दोन दिवसांत कळते, आणि मग ती वाट शोधतात. सांगून लावलेल्या बंदीवर भांडण होतं, पण ते समोरासमोर होतं. मला ते हवं आहे.

आता राउटर. तो पालथा केलात की स्टिकरवर पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड असतो. पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. वायफायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो इंग्रजी अंकांत टाइप करा, लॉगिनचं पान येईल. आत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे हा लॉगिनचा पासवर्ड बदलणं. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा. स्टिकर तुम्हाला वाचता येतो तसा मुलांनाही येतो.

फायबरवाल्यांनी बसवून दिलेल्या डब्यात कधी कधी निम्मे मेनू लपवलेले असतात. 'पॅरेंटल कंट्रोल' किंवा 'ॲक्सेस कंट्रोल' दिसतच नसेल तर आधी तुमच्या केबलवाल्याला विचारा, पुष्कळदा तो उघडून देतो. नाहीच दिलं तर स्वतःचा राउटर घ्या, त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटची वायर लावायची जागा) त्या डब्याची वायर जोडा आणि डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करा. हे शेवटचं विसरू नका, नाहीतर मुलं जुन्या नावाच्या वायफायवर निवांत बसतील.

वेळेचे नियम लावण्यापूर्वी राउटरचं घड्याळ बघा. टाइम झोन जीएमटी अधिक ५:३० हवा. परदेशी वेळेवर असलेला राउटर दहाचं कुलूप भलत्याच वेळी लावतो. आपल्याकडे पावसात वीज सारखी जाते, त्यामुळे हे जास्तच महत्त्वाचं. पुष्कळ साध्या राउटरांच्या आत घड्याळाची बॅटरी नसते. वीज आली की ते कुठल्यातरी जुन्या तारखेपासून सुरू होतात आणि इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत तसेच चालतात. सेटिंगमध्ये 'एनटीपी' (इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय) चालू ठेवा, आणि शक्य असेल तर राउटर व फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. राउटरपुरता छोटा बारा व्होल्टचा यूपीएसही मिळतो. घेताना राउटरच्या ॲडाप्टरवरचे व्होल्ट जुळवून बघा.

यानंतरचं काम वेळखाऊ आहे, पण ते नीट झालं तरच पुढचं सगळं चालतं. 'कनेक्टेड डिव्हायसेस'च्या यादीत कुठलं यंत्र कोणाचं हे ओळखून प्रत्येकाला नाव द्यायचं. ओळख पटत नसेल तर एकेका फोनचं वायफाय बंद करा आणि यादीतून कोण गेलं ते बघा. यात एक खोच आहे. राउटर यंत्राला मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे त्याच्या ओळख क्रमांकावरून ओळखतो, आणि ॲण्ड्रॉइड १० व आयओएस १४ पासूनचे फोन खासगीपणासाठी खरा मॅक झाकून बनावट देतात. तो बनावट बदलला की राउटरला फोन नवा वाटतो आणि नियम लागू होत नाही. म्हणून मुलांच्या फोनमध्ये घरच्या वायफायच्या नावावर जाऊन, ॲण्ड्रॉइड असेल तर 'प्रायव्हसी'त 'डिव्हाइस मॅक' निवडा, आयफोन असेल तर 'प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस' बंद करा. फक्त घरच्या वायफायसाठी. बाहेर ते झाकलेलंच असू दे.

मग माणसागणिक गट करा. मुलाचा एक, धाकटीचा एक. सासूबाईंचा टीव्ही आणि कॅमेरा कुठल्याच गटात नको. आमच्याकडे शाळेच्या दिवसांत रात्री दहा ते सकाळी सहा बंद असतं. नियम लिहिताना दोन गोष्टी तपासा. काही राउटर दिलेल्या वेळेत नेट बंद करतात, तर काही फक्त त्या वेळेतच चालू ठेवतात. आणि मध्यरात्र ओलांडणारा नियम पुष्कळांना समजत नाही. तिथे २२:०० ते २३:५९ आणि ००:०० ते ०६:०० असे दोन नियम करावे लागतात. वारही नीट बघा. शनिवारी रात्री सूट द्यायची असेल तर बारानंतरचा भाग रविवारच्या खात्यात जातो. नियम लावला की पाच मिनिटांनंतरची वेळ टाकून एकदा स्वतः चाचणी घ्या.

नको त्या साइट अडवायला डीएनएस बदलणं हा सोपा आणि फुकटचा मार्ग. आपण नाव टाइप करतो, त्या नावाचा आकडी पत्ता डीएनएस शोधून देतो. कुटुंबासाठीचे डीएनएस अश्लील आणि घातक साइटचा पत्ता देतच नाहीत. क्लाउडफ्लेअरने २०२० साली अशी सेवा सुरू केली, तिचे पत्ते १.१.१.३ आणि १.०.०.३. क्लीनब्राउझिंगच्या फॅमिली फिल्टरचे पत्ते १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८. हा जास्त कडक आहे, गूगलचा सेफ सर्च आणि यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोडही चालू करतो. लहान मुलं असतील तर हाच घ्या. राउटरच्या 'वॅन' किंवा 'डीएचसीपी'च्या पानावर प्रायमरी आणि सेकंडरी डीएनएसच्या जागी हे भरायचे.

बरेच जण इथेच थांबतात आणि मग फिल्टर चालत नाही म्हणतात. कारण बहुधा आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटच्या आकडी पत्त्यांची नवी पद्धत असते. तुमची कंपनी ते देत असेल तर फोन त्या वाटेने कंपनीचाच डीएनएस वापरतो. आयपीव्ही६च्या पानावरही पत्ता भरा, क्लाउडफ्लेअरचा २६०६:४७००:४७००::१११३. दुसरी पळवाट म्हणजे राउटरचा डीएनएस टाळून दुसराच वापरणारं फोनमधलं 'प्रायव्हेट डीएनएस' आणि ब्राउझरमधलं 'सिक्युअर डीएनएस'. मुलांच्या फोनवर दोन्ही बंद करा. राउटरमध्ये सोय असेल तर बाहेर जाणारा पोर्ट ८५३ (प्रायव्हेट डीएनएसची नेहमीची वाट) अडवा; मग कोणी प्रायव्हेट डीएनएसला स्वतःचं नाव दिलं तर त्या फोनवर बहुधा नेटच चालत नाही आणि तुमच्या लगेच लक्षात येतं.

जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंतींतून वायफाय नीट जात नाही, त्यामुळे आपल्याकडे मागच्या खोल्यांसाठी दुसरा राउटर लावायची पद्धत आहे. तो 'राउटर मोड'मध्ये असेल तर त्याच्यामागची सगळी यंत्रं पहिल्या राउटरला एकच दिसतात. मुलाचा नियम टीव्हीला लागतो, नाहीतर कोणालाच लागत नाही. दुसऱ्याला 'ॲक्सेस पॉइंट मोड'मध्ये टाका, म्हणजे तो फक्त वायफाय पुढे पोचवतो.

पाहुण्यांना घरचा पासवर्ड देऊ नका. 'गेस्ट नेटवर्क' चालू करून त्याला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्या. चतुर्थीत चुलत भावंडंही माझ्याकडे गेस्टवरच असतात, आणि फिल्टर त्यांनाही तोच. त्या दिवसांत भजनं उशिरापर्यंत चालतात, पोरं जागी असतात, म्हणून वेळ अकरापर्यंत सोडते. पण अकरानंतर पडवीत सगळ्या पोरांच्या तोंडावर मोबाइलचा उजेड मला नको. त्यांनी भजनात बसावं नाहीतर झोपावं.

राउटरला काय दिसत नाही तेही माहीत असू द्या. त्याला साइटचं नाव कळतं, आतलं पान कळत नाही. यूट्यूबवरचा एखादाच व्हिडिओ तो अडवू शकत नाही. व्हॉट्सॲपवर कोण काय लिहितंय किंवा गेममध्ये कोणी अनोळखी माणूस मुलीशी बोलतोय, हे त्याच्या पलीकडचं आहे. मुलाच्या फोनमध्ये सिम असेल तर मोबाइल डेटावर हे नियम चालतच नाहीत. तिथे फोनवरच वेळ आणि ॲप आवरायला ॲण्ड्रॉइडला गूगलचं फॅमिली लिंक, आयफोनला त्यातलंच स्क्रीन टाइम लावा, किंवा लहान मुलाला सिमच देऊ नका. मी दिलेलं नाही. आणि कोणी मुलाला फोटोवरून धमकावत असेल तर काही पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि सायबर गुन्ह्यांची तक्रार घेणाऱ्या १९३० किंवा मुलांसाठीच्या १०९८ वर लगेच फोन करा. मुलाला हेही आधी सांगून ठेवा, की असं काही झालं तर आई मोबाइल काढून घेणार नाही.

राउटर उंचावर ठेवा. मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून धरली की तो रिसेट होतो आणि सगळे नियम पुसले जातात. सगळं जमलं की 'बॅकअप'वर जाऊन सेटिंगची फाइल कंप्युटरवर उतरवून घ्या. मे महिन्यात गडगडाट सुरू झाला की ॲडाप्टर प्लगमधून काढत चला. तरीही राउटर जळला, तर त्याच मॉडेलच्या नव्या राउटरवर पुष्कळदा तीच फाइल चढवता येते. मॉडेल वेगळं असेल तर कामाला वही लागते. म्हणून मी कोणाचं यंत्र कुठलं, कुठल्या वेळा आणि कुठले डीएनएस हे वहीत लिहून कपाटात ठेवलं आहे.