पायाजवळचे पाणी: बेळगाव भागातील घरांसाठी बाहेरचा निचरा

पावसाळा भरात आला की खानापूर-जांबोटीकडच्या घरांत परसातल्या आडाचे पाणी वर चढते आणि त्याच सुमारास भिंतींच्या तळाशी ओल येऊन गिलावा फुगू लागतो. अशा वेळी आतून रंग किंवा लेप लावण्यावर खर्च केला जातो, पण पाणी पायाशी बाहेरून साचलेले असते, त्यामुळे उपायही बाहेरच व्हायला हवा. हे काम होळीनंतर हाती घेऊन मृग लागण्यापूर्वी पुरे करावे.

पायाशी साचणारे पाणी पुष्कळदा छपराचेच असते. शंभर चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे १०,००० लिटर पाणी खाली येते, आणि कौलारू घराला पन्हळ नसेल तर ते सगळे पागोळ्यांतून भिंतीच्या कडेलाच मुरते. म्हणून आधी पन्हळ बसवावी आणि तिचे पाणी पाइपने घरापासून किमान तीन मीटर दूर सोडावे. त्यानंतर घराभोवतीची जमीन पहिल्या तीन मीटरांत निदान १५ सेंटिमीटर उतरती करावी. भराव मात्र जोत्याच्या वरच्या कडेपर्यंत कधीही चढवू नये, नाहीतर ओलीला भिंतीत शिरायला वाट मिळते.

एवढे करूनही ओल राहिली, किंवा घर उताराच्या पायथ्याशी असून वरच्या बाजूचे पाणी जमिनीतून झिरपत येत असेल, तर खडीचा चर खणावा लागतो. तो पाणी येते त्या बाजूला, भिंतीपासून दीड-दोन मीटरांवर असावा आणि पायाच्या तळापेक्षा खोल नसावा. पायालगत खोल खणल्यास खालची माती सुटून भिंतीला तडे जाऊ शकतात, तेव्हा शंका असेल तिथे इंजिनिअरला जागा दाखवल्याशिवाय कुदळ मारू नये.

चराच्या तळाला दर दहा मीटरला दहा सेंटिमीटर उतार द्यावा. हा उतार नजरेने ठरवू नये. पाण्याने भरलेली लेव्हलची पारदर्शक नळी दोन्ही टोकांना धरून खुणा कराव्यात, कारण मध्ये एक खळगा राहिला तरी तिथे गाळ बसतो. चरात आधी जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे गाळणीचे कापड) अंथरावे, त्यावर धुतलेल्या खडीचा थर द्यावा, मग १०० मिलिमीटर व्यासाचा छिद्रांचा पीव्हीसी पाइप छिद्रे खाली येतील असा ठेवावा. पुष्कळ गवंडी छिद्रे वर ठेवतात, पण चरातले पाणी तळापासून चढत असल्यामुळे छिद्रे खाली असली तरच ते लवकर पाइपात शिरते. वरून पुन्हा खडी भरून कापड दुमडून घ्यावे आणि मातीने बुजवण्याआधी वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतून ते खालच्या टोकाला निघते का, हे पाहावे.

निपाणी, चिकोडी किंवा बैलहोंगल भागातल्या काळ्या जमिनीत हा चर डोळे झाकून घालू नये. ती माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते आणि पाया त्यासोबत हलतो, म्हणून तिथे पायाभोवतीचा ओलावा वर्षभर शक्य तितका सारखा राहणे महत्त्वाचे असते. घराभोवती मीटर-दीड मीटर रुंदीचा, दर मीटरला दोन सेंटिमीटर उतरणारा काँक्रीटचा पट्टा आणि त्यापलीकडे पक्के गटार हा तिथला अधिक भरवशाचा उपाय आहे. काळ्या मातीत पाणी मुरत नसल्याने शोषखड्डाही लवकर तुंबतो. खड्डा घ्यायचाच असेल तर आधी हातभर खोल खळगा पाण्याने भरून ते किती वेळात जिरते, ते पाहावे.

पाणी शेवटी कोठे जाणार, हे खणण्यापूर्वीच ठरलेले असावे. ते शेजाऱ्याच्या अंगणात किंवा ड्रेनेजच्या मैल्याच्या वाहिनीत सोडू नये, उतारावरच्या मोकळ्या नाल्यात किंवा पावसाच्या गटारात सोडावे. पाइपाच्या प्रत्येक वळणावर झाकणाचा चेंबर बांधावा आणि बाहेरच्या तोंडाला जाळी बसवावी. मोठा पाऊस झाला की चेंबरचे झाकण उघडून पाणी वाहते आहे की तुंबले आहे, हे बघावे आणि जाळीतला पालापाचोळा त्याच दिवशी काढून टाकावा.